आधी मालकी, मग वापर, मग चुना : बडोद्यातल्या एका वाड्याचं कलाकेंद्र होताना

रावपुऱ्यातल्या एका आतल्या गल्लीत, तांबेकर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एक दुमजली मराठी वाडा आहे. रस्त्याला लागून दोन दुकानगाळे, मधल्या दिंडीतून आत गेलं की चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी, मागे माजघर आणि देवघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि परसातली विहीर. वर माडी. जिना एकच, तोही दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने परत खाली उतरावं इतका अरुंद. घराणं गायकवाडांच्या नोकरीच्या निमित्ताने देशावरून आलेलं. नाव इथे देत नाही, दोघा हिस्सेदारांची तशी इच्छा आहे.

आज या वाड्यात दुपारी चित्रकलेचा वर्ग भरतो, संध्याकाळी तबला आणि गाणं शिकवलं जातं, महिन्यातून एकदा चौकात बैठक होते, आणि मागच्या दोन खोल्यांत घरातली आत्या पूर्वीसारखीच राहते. मी या कामात सुरुवातीपासून आहे. कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे होती, पुढे वर्गांची आखणीही आली. वाडा वाचवायचा म्हटलं की लोक आधी गवंडी शोधतात आणि देणगीदार शोधतात. आमचं काम मार्गी लागलं ते उलट्या टोकाने गेलो म्हणून, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे टिपण जरा तपशिलात लिहितो आहे, इंदूर-ग्वाल्हेरकडे असं घर सांभाळत बसलेल्या मंडळींना उपयोगी पडावं एवढ्यासाठी.

बडोद्याला कलेच्या संस्थांची वाण कधीच नव्हती. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, १८९० मध्ये कलाभवन आलं, १९५० मध्ये विद्यापीठाची ललित कला शाखा. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. पण गल्लीतल्या सातवीतल्या मुलीने शाळेतून येऊन दप्तर टाकावं आणि शेजारच्या घरात जाऊन रंग हातात घ्यावेत, अशी जागा आसपास नव्हती. तांबेकर वाडा जवळच आहे. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा वाडा पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि आतली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं पाहताना मान दुखते तरी नजर हलत नाही. ते स्मारक आहे आणि स्मारकासारखंच जपायला हवं. तिथे मुलांचा वर्ग भरवता येणार नाही. ग्वाल्हेरला हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्याच्या जुन्या घराचं सरोद घर झालं, वाद्यांचं संग्रहालय. तिथे घराच्या मागे एक मोठं नाव उभं होतं. आमच्या वाड्यात कुणी थोर माणूस जन्मलेला नाही, कुठला तह झालेला नाही. कारकून, मामलेदार, एक शाळामास्तर, असे लोक इथे राहिले. आपल्या गावांतले बहुतेक वाडे असेच असतात आणि नेमके तेच पडतात.

शंभर मीटरची रेघ

बिल्डर येऊन बघून गेले होते. एकाने तर चौकात उभं राहूनच पार्किंग कुठे येईल ते हाताने दाखवलं होतं. पण कुणीच बयाणा दिला नाही, कारण प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेली दुरुस्ती. त्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्या शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र परवानगी घेऊन करता येतं. आमचा वाडा तांबेकर वाड्यापासूनच्या या शंभर मीटरांत येतो.

गल्लीत या नियमाला शिव्याच मिळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. गच्चीवर एक खोली काढायची तरी नाही म्हणतात, गळकं छप्पर बदलायचं तरी अर्ज. पण वाडा पाडून जागी पाच मजले चढवता येत नाहीत म्हटल्यावर जमिनीचा भाव उतरला, आणि विकून हाती फारसं येणार नाही हे कळल्यावरच सगळे हिस्सेदार एका ओसरीवर बोलायला बसले. वाड्याचा पहिला रक्षक हा नियम होता. ज्यांचं घर संरक्षित स्मारकाजवळ आहे त्यांनी सगळ्यात आधी हे अंतर अधिकृतपणे मोजून घ्यावं. पुढचे सगळे पर्याय त्यावर ठरतात.

सात हिस्सेदार

सिटी सर्वेच्या मिळकत पत्रकावर नाव होतं पणजोबांचं. त्यानंतरच्या कुणाचीही वारसाई चढलेली नव्हती. पेढीनामा, म्हणजे वंशावळ, करायला बसलो तेव्हा जिवंत हिस्सेदार सात निघाले : चार बडोद्यात, एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि मागच्या खोलीत राहणारी आत्या. आत्याचा हिस्सा सगळे ‘नावापुरता’ धरत होते. तसा तो नव्हता. १९५६ च्या वारसा कायद्यातच बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा होता आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची झाली. वकिलांनी हे ओसरीवर सगळ्यांदेखत समजावून सांगितलं तेव्हा थोरले काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, तू म्हणशील तसं करू.”

आत्याने दोनच गोष्टी मागितल्या. “मला इथून हलवू नका, देवघर हलवू नका. आणि चौकात चपला घालून कुणी यायचं नाही.” या तिच्या अटी पुढे करारात शब्दशः आल्या. चपलांचीसुद्धा.

अमेरिकेतल्या भावाच्या मुखत्यारपत्रात बराच काळ गेला. परदेशात केलेला दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत टळली की कटकट वाढते. दोघांना पैसे हवे होते, त्यांच्या गरजा खऱ्या होत्या, आणि त्यांना भावनेत गुंडाळून सही घेणं मला पटलं नसतं. बाकीच्यांपैकी तिघांनी मिळून त्यांचे हिस्से हप्त्यांनी घेतले आणि हक्कसोडीचे दस्त नोंदवले.

मग प्रश्न आला की वाडा चालवणार कोण. तीन वाटा होत्या. कुटुंबानेच खासगी वर्ग काढायचे. किंवा सार्वजनिक न्यास नोंदवून वाडा त्याला कायमचा देऊन टाकायचा. किंवा मालकी कुटुंबाकडे ठेवून न्यासाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचा. कुटुंबाने तिसरी वाट धरली. तीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा झाला, न्यासाच्या मंडळात दोन माणसं घरातली आणि बाकीची गल्लीतली. माझं मत तेव्हाही दुसऱ्या वाटेकडे होतं आणि आजही आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. पुढच्या पिढीत कुणाच्या मनात काय येईल याला तो बांध आहे. भाडेपट्टा संपेल तेव्हा आज सही करणाऱ्यांपैकी फार थोडे उरलेले असतील. पण घर देऊन टाका असं सांगायला मी त्या घरातला नव्हतो.

माडी काय पेलते

न्यासाच्या पहिल्या आराखड्यात खाली प्रदर्शन आणि वर माडीवर कथकचा वर्ग होता. माडी प्रशस्त, खिडक्या रस्त्याकडे, त्यामुळे सगळ्यांना ते आपोआप सुचलं. संरचना अभियंत्यांनी आल्या आल्या ते खोडलं.

त्यांचं गणित साधं होतं आणि प्रत्येक वाडाधारकाने ते समजून घ्यावं असं आहे. भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. माणसं जमण्याच्या, खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या जागेवर ५०० किलो धरतात. आमची माडी सुमारे ३३ चौरस मीटरची. म्हणजे साडेसहा टनांच्या जागी साडेसोळा टनांचा विचार करायचा, आणि तोही अशा तुळयांवर ज्यांची टोकं भिंतीत किती कुजली आहेत ते बाहेरून दिसत नाही. त्यात नाचणारी माणसं एका ठेक्यात पाय आपटतात, तो हादरा निराळाच.

दुसरं कारण जिन्याचं. सुरतेत २४ मे २०१९ रोजी तक्षशिला इमारतीला आग लागली, वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेली २२ मुलं गेली. पाच वर्षांनी मे महिन्यातच राजकोटला खेळघरात आग लागली. गुजरातेत त्यानंतर अग्निशमनाच्या परवान्याकडे कुणी हलक्याने पाहत नाही, आणि पाहूही नये. लाकडी घर, लाकडी जिना, उतरायला एकच वाट : अशा ठिकाणी वर मुलांचा वर्ग भरवायचा नाही हे आम्ही परवान्याची वाट न पाहता ठरवून टाकलं.

मग उलटं बघितलं. चौक जमिनीवर आहे, फरसबंदी आहे, कितीही माणसं बसली तरी तो बसणार नाही. म्हणून बैठक आणि नाच चौकात. ओसरीला उत्तरेचा प्रकाश आहे, तिथे चित्रकला. माजघर भिंती जाड असल्याने शांत, तिथे तबला. माडीवर फक्त मोठ्या माणसांचा छोटा गट, डोक्यांची मर्यादा लिहून लावलेली. कागद आणि चित्रं ठेवायची कपाटंही वर नेली नाहीत, कारण कागदाइतकं जड काही नसतं. या वाटणीनंतर दुरुस्तीचा खर्च बराच कमी झाला. माडीखाली लोखंडी तुळया घालायची गरज राहिली नाही.

खांबाचा पाय

चौकाच्या कडेला सागाचे आठ खांब आहेत, दगडी तळखड्यांवर उभे. सुतारमिस्त्री गुजराती, बाप-आजापासून हेच काम करणारे. त्यांनी आधी सगळ्या खांबांवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून पाहिलं. दोन खांबांचा आवाज बोदा आला. तिथे त्यांनी बारीक गिरमिट लावलं. तळाशी जो भुसा आला तो काळपट तपकिरी, बोटांत चिरडला की पीठ. वीतभर वर दुसरं भोक पाडलं. तिथे गिरमिटाला जोर लावावा लागला, पिवळसर तेलकट कीस वळसे घेत बाहेर आला आणि ओसरीभर सागाचा वास पसरला. मिस्त्री आत्याकडे वळून म्हणाले, “बेन, लाकडुं हजु जीवतुं छे.” लाकूड अजून जिवंत आहे.

म्हणजे पूर्ण खांब बदलायची गरज नव्हती. तुळईला दोन्ही बाजूंनी स्क्रूजॅकचा आधार दिला, खांब अगदी केसभर उचलला, कुजलेला पाय तिरका कापला आणि जुन्याच सागाचा नवा पाय तिरप्या सांध्याने, लाकडी खुंट्या मारून बसवला. सांधा लपवलेला नाही. जवळ गेलं की दिसतो. नव्या लाकडाला जुन्यासारखा रंग द्यावा असं काहींचं म्हणणं होतं. मिस्त्रींनीच नको म्हटलं : पुढे कुणाला तपासायचं झालं तर कुठे काय बदललं ते कळायला हवं.

खांबाचा पाय कुजला कशाने, याचं उत्तर भिंतीत मिळालं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी ओल आली म्हणून भिंतींना खालून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा चढवला होता. आतली वीट आणि जोड चुन्याचे. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल कोंडली, सिमेंटच्या वर चढून छातीच्या उंचीवर बाहेर पडली, आणि तिथे लोण्याचे, म्हणजे क्षारांचे, पांढरे पापुद्रे सुटायला लागले. भिंतीत घुसलेल्या तुळयांची टोकं आणि खांबांचे पाय त्याच ओलीत भिजत राहिले. सगळं सिमेंट छिन्नीने उतरवलं. भिंती उघड्या ठेवून एक अख्खा उन्हाळा वाळू दिल्या. घाई करणाऱ्यांची समजूत घालणं हे त्या उन्हाळ्यातलं मुख्य काम होतं.

पावसाळ्याआधी छप्पर उरकलं : वासे, रिपा, फुटकी कौलं, आणि चौकात पडणारं पाणी भिंतीपासून दूर नेणारी पत्र्याची पन्हळ. गिलावा दिवाळीनंतर. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, कडक उन्हात तो आधीच सुकतो आणि तडे जातात. म्हणून थंडीचे महिने बरे. चुना आधीच विझवून पाण्याखाली मुरत ठेवला होता. त्यात वाळू आणि विटेची सुरखी, आणि मिस्त्रींच्या माहितीतल्या गवंड्याने गुळाचं आणि मेथीचं पाणी घातलं. सिमेंटचा गिलावा करणारे गवंडी पैशाला पासरी मिळतात. चुन्याचा हात असलेला माणूस शोधायला पार पेटलादच्या बाजूला जावं लागलं. गल्लीतली दोन तरुण मुलं त्याच्या हाताखाली शिकली. मला या सगळ्या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण आता शेजारच्या घराची भिंत तीच दुरुस्त करत आहेत.

भिंतीतले पोपट

माजघरात कोनाड्याच्या वर रंगाचा पोपडा निघाला आणि खाली हिरवी रेघ दिसली. सर्जिकल ब्लेडने नखाएवढा तुकडा उघडला तर थरांमागून थर : वर पिस्ता रंगाचं डिस्टेंपर, खाली गुलाबी, मग नीळ घातलेली सफेदी, मग नुसती पांढरी, आणि सगळ्यात आत चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर रंगवलेला पोपट, चोचीत वेलीचं टोक धरलेला. तळहाताएवढा भाग उघडल्यावर दुसरा पोपट दिसला, त्याची मान नव्हती. तिथे कधीतरी खुंटी ठोकलेली होती.

यावरून जो वाद झाला तसा पैशांवरूनही झाला नव्हता. काहींना पूर्ण पट्टी उघडायची होती. काहींना वाटलं की ललित कलेच्या विद्यार्थ्यांकडून मान रंगवून घ्यावी, मुलांना शिकायलाही मिळेल. मी दोन्हींच्या विरोधात होतो. वरची सफेदी हीच इतकी वर्षं त्या चित्राचं पांघरूण होती. उघडलेलं चित्र म्हणजे धूळ, हात, दिव्यांची उष्णता, तबल्याच्या वर्गातली ओलसर हवा. आणि मान रंगवली की पुढच्या माणसाला जुनं कुठे संपतं ते कळणार नाही. अखेर जेवढं उघडलं होतं तेवढ्याच्या कडा चुन्याने पक्क्या केल्या आणि बाकीची पट्टी झाकलेलीच ठेवली. चित्रकलेच्या वर्गात मुलं तो बिनमानेचा पोपट पाहून आपापल्या कागदावर मान काढतात. त्यांच्या कागदांवर कितीही माना निघाल्या तरी हरकत नाही.

कोण येतं

आराखड्यात धरलं होतं की अकोटा, गोत्री, वासणा रोडकडे राहायला गेलेली मराठी कुटुंबं संध्याकाळी गाण्याला येतील. त्यांची मुळं इथलीच, दांडिया बाजार-रावपुऱ्यातली. ती येतात, पण बैठकीच्या दिवशी, आणि गाडी कुठे लावायची हे विचारत. रोज येतात ती गल्लीतली मुलं, आणि त्यांतली बहुतेक गुजराती बोलणारी. म्हणून पाटी दोन्ही लिप्यांत लागली, वर्गात बोलणं मिसळीचं होतं, आणि मंडळातल्या दोन ज्येष्ठांना ‘आपल्या मराठी वाड्याचं’ काय होणार याची काळजी लागली. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. नाट्यगीत ऐकणारे कान कमी होत आहेत हे खरंच आहे. पण गणेशोत्सवात याच मुलांनी चौकात रांगोळी काढली आणि आत्याकडून अथर्वशीर्ष पाठ करून घेतलं, तेव्हा त्या दोघांतल्या एकांनी आपणहून वर्गाला पेटी दिली.

पुढच्या गाळ्यांपैकी एकात शिंपीकाका आहेत, जुन्या भाडेनियंत्रण कायद्याखालचे भाडूत. त्यांना काढावं आणि तिथे चहाचं दुकान टाकावं अशी सूचना होती. न्यासाने त्यांना ठेवलं, गाळ्याचं छप्परही करून दिलं, आणि त्यांनी भाडं समजुतीने वाढवलं. आता वाड्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. सकाळी दिंडी उघडणारा आणि अनोळखी माणसाला हटकणारा माणूस पगार देऊन मिळाला नसता.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दुरुस्ती देणग्यांवर झाली, त्यासाठी न्यासाची आयकरातली ८०जीची, म्हणजे देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी, नोंदणी लागली. रोजचा खर्च फी, बैठकीतली दानपेटी आणि दुसऱ्या गाळ्याच्या भाड्यावर चालतो. वापर बदलला की महापालिकेच्या वेऱ्याचं, म्हणजे कराचं, गणितही बदलतं. ही रक्कम आधीच अंदाजपत्रकात धरावी, मागाहून कळली तर वर्षाचा ताळमेळ कोलमडतो.

राहिलं आहे ते जिन्याचं. स्वयंपाकघराशेजारच्या जुन्या कोठीतून, घराच्या आहे त्याच भिंतींच्या आत, दुसरा जिना काढता येतो. अभियंत्यांनी तो आखून दिला आहे. बाहेरून काहीच वाढत नाही, म्हणून हे नूतनीकरण आहे, नवं बांधकाम नाही, अशी आमची बाजू मांडून सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. तिथून तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जाईल. परवानगी आली तरी कोठीला लागून आत्याची खोली आहे, त्यामुळे काम तिला विचारूनच सुरू होईल आणि तिच्या जेवणाच्या-झोपेच्या वेळा सोडून चालेल. तोपर्यंत माडीवर मोठ्यांचा चित्रगट सोडून कुणाला सोडत नाही, आणि वर जायच्या दाराची किल्ली शिंपीकाकांकडेच राहते.